रुग्णालयातली कँडिडा आणि सुगंधी तेलं : प्लेटवर मरते, मग रुग्णावर का वापरत नाहीत?

सूक्ष्मदर्शी

टी ट्री (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं) तेलाच्या धाग्यावर परवा कुणीतरी ठोकून दिलं होतं, की "ज्या बुरशीवर एकही औषध चालत नाही ती दालचिनीच्या तेलाने मरते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, पण औषध कंपन्या दाबून ठेवतात." यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. म्हणूनच उरलेल्या अर्ध्यावर वेगळा धागा काढतोय. तिथे लिहिलं असतं तर केसातल्या कोंड्याच्या चर्चेत वाहून गेलं असतं.

आधी सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. कवकांच्या प्रयोगशाळेत काम करतो. रुग्णांचे नमुने आमच्याकडे येतात, रुग्ण येत नाहीत.

रुग्णालयात यीस्टचा, म्हणजे एकपेशीय बुरशीचा, संसर्ग म्हणजे बहुतेक वेळा कँडिडा. एरवी ती आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर गपगुमान राहून असते. पण रुग्ण अतिदक्षता विभागात असेल, मानेत किंवा छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल, अँटिबायोटिक लांबलेलं असेल, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल किंवा बाळ फार आधी जन्मलेलं असेल, तर हीच कँडिडा रक्तात शिरते. शिरली की साधारण दहातले तीन-चार रुग्ण वाचत नाहीत. त्यात निदानाची बोंब. आत पसरलेल्या कँडिडाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत ब्लड कल्चर (रक्ताच्या नमुन्यातून जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्हच येतं.

त्यात आली कँडिडा ऑरिस. २००९ साली टोकियोतल्या एका ७० वर्षांच्या बाईंच्या कानातल्या स्रावात ती सापडली आणि तिचं वर्णन छापून आलं. तेव्हा कुणाला विशेष काही वाटलं नाही. मग थोड्याच वर्षांत दक्षिण आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा एकमेकांपासून लांबच्या प्रदेशांत ती जवळजवळ एकाच सुमारास वर आली, आणि जनुकं तपासली तर प्रत्येक ठिकाणचं घराणं वेगळं! एकीकडून दुसरीकडे पसरली म्हणावं तर तसंही नाही. हे असं का झालं यावर लोक अजून भांडताहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशांची पहिली यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात ऑरिस आहे आणि आपली जुनी ओळखीची कँडिडा अल्बिकन्सही आहे.

कँडिडा रक्तात गेल्यावर हाताशी औषधांचे मुख्य गट तीनच. फ्लुकोनॅझोलसारखे अझोल, अँफोटेरिसिन बी, आणि कॅस्पोफंजिनसारखे एकायनोकँडिन. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने तिथल्या ऑरिसच्या नमुन्यांबद्दल दिलेले आकडे असे : फ्लुकोनॅझोलला सुमारे ९० टक्के नमुने दाद देत नाहीत, अँफोटेरिसिनला सुमारे ३० टक्के, एकायनोकँडिनना ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे "एकही औषध चालत नाही" हे सरसकट खरं नाही. तिन्ही गटांना न जुमानणारे नमुने सापडलेत, पण थोडे. औषधं इतकी कमी का, याचं कारण सरळ आहे. बुरशीची पेशी बॅक्टेरियापेक्षा आपल्या पेशीच्या कितीतरी जवळची. तिला मारेल आणि आपल्याला मारणार नाही असं नेमकं काहीतरी शोधायला लागतं.

आता तेलं. दालचिनीच्या सालीतलं सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल, ओवा आणि थाइममधलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्वाक्रॉल, गवती चहातलं सिट्रल, टी ट्रीतलं टर्पिनेन-४-ऑल ही सगळी छोटी, चरबीत विरघळणारी रेणू-मंडळी. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात ती घुसतात, पडदा सैल पडतो, आतलं पोटॅशियम बाहेर गळायला लागतं. थायमॉल आणि कार्वाक्रॉल आणखी एक करतात. औषध बाहेर फेकून देणारे जे पंप बुरशीच्या पडद्यात असतात त्यांच्या कामात ती अडथळा आणतात. अझोलला दाद न देणाऱ्या कँडिडाकडे हे पंप फार असतात, त्यामुळे तेल आणि फ्लुकोनॅझोल एकत्र दिल्यावर प्लेटवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या ताटलीत, फरक पडताना दिसतो. फ्लुकोनॅझोलला हसणारी ऑरिस दालचिनीच्या तेलात मरते हेही खरं, कारण दोघांची मारायची जागाच वेगळी.

मग अडतं कुठे? आकड्यात. पेपरमध्ये लिहिलेलं असतं "०.०३ टक्के तेलाने वाढ थांबली". हा या विषयातला चांगल्यापैकी आकडा म्हणायचा, पुष्कळ तेलांना याच्या दहापट लागतं. ०.०३ टक्के वाचून वाटतं, किती थोडं! आता तेच औषधांच्या मापात करून बघा. मिलिलिटरला अंदाजे ३०० मायक्रोग्रॅम. आणि ऑरिसला फ्लुकोनॅझोल ३२ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त लागलं तर सीडीसीच्या तात्पुरत्या निकषाने आपण तिला "दाद न देणारी" म्हणतो. अँफोटेरिसिनसाठी ती रेघ २ वर आहे. म्हणजे ३२ ला औषध नापास, आणि ३०० ला तेल "प्रभावी"! दोघांना एकच फूटपट्टी लावली तर बहुतेक तेलं पहिल्याच फेरीत बाद होतील.

पुढे जाऊ. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. त्यात ०.०३ टक्के राखायचं तर दीड मिलिलिटर निखळ तेल रक्तात हवं. तेही एकदा नाही, सतत, कारण कँडिडाचे उपचार रक्त स्वच्छ झाल्यानंतरही दोन आठवडे चालू ठेवतात. शिवाय तेल रक्तात बसून राहत नाही, चरबीत आणि मेंदूत शिरतं, यकृत ते भराभर मोडतं, आणि उरलंसुरलं रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन धरून ठेवतं. शिरेतून लवंगेचं तेल गेल्यावर फुफ्फुसात पाणी भरल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. पोटातून गेलेल्या लवंगेच्या तेलाने लहान मुलांचं यकृत निकामी झाल्याच्याही आहेत.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच : रक्तातल्या कँडिडावर तेल हा विचारच चुकीच्या जागी आहे. कातडी आणि प्लॅस्टिक या दोन जागांबद्दल मात्र मला खरंच कुतूहल आहे. तिथे रक्ताचा हिशोब लागू होत नाही. वॉर्डात काम करणारं कुणी असेल तर लिहा.

टंगळमंगळ

वाचतोय. कंपन्यांच्या कटाचा भाग पुढच्या पोस्टीत येणार का?

वैशाखवणवा

लेख चांगला आहे, पण एकांगी वाटला. तुम्ही मुद्दाम सगळ्यात अवघड केस धरली, रक्तातली. तोंडातल्या कँडिडाचं काय? १९९८ साली एड्सच्या रुग्णांमध्ये टी ट्रीच्या चुळांचा अभ्यास झाला होता. फ्लुकोनॅझोलने बरी न होणारी तोंडातली कँडिडा होती, आणि बऱ्याच जणांना फरक पडला. हा माणसांवरचा अभ्यास आहे, प्लेटवरचा नाही.

दुसरं, २००४ सालचा टी ट्रीचाच प्रयोग आहे, एमआरएसए (पुष्कळ अँटिबायोटिकना दाद न देणारा एक बॅक्टेरिया) अंगावर असलेल्या २२४ रुग्णांवर. नेहमीचा म्युपिरोसिन (नाकात लावायचं मलम) आणि क्लोरहेक्सिडिन (कातडीचं जंतुनाशक) यांचा उपचार आणि टी ट्री यांच्यात एकूण निकालात लक्षणीय फरक आला नाही. म्हणजे तेल बरोबरीचं ठरलं ना? मग वापरत का नाहीत?

सूक्ष्मदर्शी

@वैशाखवणवा, दोन्ही दाखले खरे आहेत.

१९९८ चा अभ्यास जेमतेम डझनभर रुग्णांचा होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पण तो मी फेकून देणार नाही. औषध थकलेल्या रुग्णांत काही जणांना आराम पडला, ही माहिती आहेच. आणि बघा, तिथेही तेल तोंडात खुळखुळवून थुंकलं जात होतं. रक्तात जात नव्हतं. माझ्या हिशोबात तोंड हे कातडीच्या बाजूला येतं.

२००४ च्या प्रयोगात एकूण निकाल जवळपास सारखा, पण नाकात म्युपिरोसिन सरळ सरस ठरलं, ७८ टक्के विरुद्ध ४७ टक्के. एमआरएसएचं मुख्य घर नाकच. त्यानंतर २०१३ साली उत्तर आयर्लंडमधल्या अतिदक्षता विभागांतला प्रयोग छापून आला. ३९१ रुग्ण, अर्ध्यांना ५ टक्के टी ट्रीच्या बॉडी वॉशने अंघोळ, अर्ध्यांना साध्या बॉडी वॉशने. नव्याने एमआरएसए अंगावर येण्यात लक्षणीय फरक पडला नाही. साध्या बॉडी वॉशपेक्षाही पुढे गेलं नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं. हे दोन्ही बॅक्टेरियाचे प्रयोग आहेत, कँडिडाचे नाहीत. पण टी ट्री प्लेटवर एमआरएसएलाही झकास मारतं. प्लेटवरून कातडीवर येताना काय गळतं ते यावरून कळावं.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. वॉर्डातलं विचारलंत म्हणून लिहिते.

ऑरिस रक्तात सापडणारे रुग्ण थोडे. अंगावर घेऊन असणारे त्यांच्यापेक्षा खूप जास्त. काख आणि जांघ ही तिची आवडती ठिकाणं, म्हणून स्क्रीनिंगचा स्वॅब तिथूनच घेतो. त्या रुग्णाला तिचा काही त्रास नसतो. पण तो कूस बदलतो, चादर झटकली जाते, आणि ती पलंगाच्या कठड्यावर, मॉनिटरच्या वायरींवर, बीपीच्या कफवर जाऊन बसते. प्लॅस्टिकवर दोन आठवड्यांनीही ती जिवंत सापडलेली आहे.

ऑक्सफर्डमध्ये मेंदूच्या अतिदक्षता विभागात जो उद्रेक झाला त्यात ७० रुग्णांच्या अंगावर किंवा आत ती गेली होती. शोध घेतला तर मुख्य दुवा निघाला काखेत ठेवायचा तापमानाचा प्रोब. धुऊन पुन्हा वापरायचा असतो तो. प्रोब काढून टाकले तेव्हा उद्रेक ओसरला. आमच्या प्रशिक्षणात हे उदाहरण हमखास येतं.

आता तेलाचं. आमचा वैताग असा, की फरशी-पलंग पुसायला वर्षानुवर्षं वापरात असलेली चतुर्थक अमोनियमची जंतुनाशकं ऑरिसवर भरवशाची नाहीत. क्लोरीनवालं नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइडचं लागतं. क्लोरीनने डोळे चुरचुरतात, स्टील गंजतं, हाताची वाट लागते. त्यामुळे "तेलाचं जंतुनाशक" म्हटल्यावर कान टवकारतात हे खरं. पण माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा येतं ते व्हेंटिलेटरवरचं माणूस. बंद खोलीत तीव्र वासाचं काहीतरी सतत पुसत राहायचं, आणि शेजारच्या पलंगावर दम्याचा रुग्ण. शिवाय तेलकट थर राहिला तर त्यावर धूळ बसणार. ड्रेसिंग चिकटणार नाही. सेंट्रल लाइनचं ड्रेसिंग कोपऱ्यातून सुटलं की पुढचं सगळं आलंच.

क्लोरहेक्सिडिनची अंघोळ आम्ही रोज घालतो. तरी ऑरिस अंगावरून हमखास जाते असं नाही, हेही सांगून टाकते.

किंचित शंका

सिस्टर, हातांचं काय? सॅनिटायझर चालतो का ऑरिसवर?

रात्रपाळी

चालतो. अल्कोहोलचा हॅंडरब चालतो. अडचण रसायनाची नसते, घाईत दोन पलंगांच्या मधे हात चोळायचा राहून जातो त्याची असते. हातमोजे घातले की काही जणांना वाटतं हात स्वच्छच आहेत.

गंधसार

तेलांच्या बाजूने बोलायला मी हजर आहे. ऊर्ध्वपातन आणि तपासणी हे माझं रोजचं काम. पण धाग्यात "दालचिनीचं तेल", "थाइमचं तेल" असं ज्या सहजतेने लिहिलं जातंय ते बघून राहवेना.

दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य. त्याच झाडाच्या पानाच्या तेलात युजेनॉल मुख्य. बाटलीवर दोन्हीकडे "दालचिनी" लिहिता येतं. थाइमची तर आणखी गंमत आहे. एकाच जातीच्या झुडपांत काही थायमॉलवाली, काही कार्वाक्रॉलवाली, काही लिनालूलवाली. दिसायला सारखीच. लिनालूलवाल्या थाइमने केलेला प्रयोग आणि थायमॉलवाल्या थाइमने केलेला प्रयोग हे दोन वेगळ्या औषधांचे प्रयोग आहेत. पेपर वाचताना मी निष्कर्षाकडे बघतच नाही, आधी जीसीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा, तक्ता शोधतो. कुठल्या घटकाचं किती टक्के प्रमाण, हे दिलेलं नसेल तर पुढे वाचत नाही. टी ट्रीचं त्यातल्या त्यात बरं आहे, त्याला आयएसओ ४७३० हे मानक आहे आणि टर्पिनेन-४-ऑल किती हवं ते त्यात ठरवून दिलेलं आहे.

दुसरी भानगड साठवणीची. लिमोनिन आणि लिनालूल हवेत हळूहळू ऑक्सिडाइझ होतात, आणि जे तयार होतं ते कातडीला ॲलर्जी आणणारं असतं. ताजं तेल सोसणाऱ्या कातडीवर अर्धी रिकामी, जुनी बाटली पुरळ उठवू शकते. रुग्णालयाला रोज सारखंच वागणारं द्रावण हवं असतं.

आणि सिस्टरांच्या यादीत एक भर घालतो. लिमोनिन थर्मोकोल विरघळवतं, म्हणजे पॉलिस्टायरीन. वॉर्डातली निम्मी उपकरणं कुठल्या ना कुठल्या प्लॅस्टिकची. कुठलं तेल कुठल्या नळीला मऊ करेल, तडा देईल, हे एकेक करून तपासावं लागेल.

सूक्ष्मदर्शी

@गंधसार, पॉलिस्टायरीनचं नाव काढलंत म्हणून आमच्याकडची गोष्ट सांगतो. आमच्या ९६ खळग्यांच्या प्लेट त्याच प्लॅस्टिकच्या. तेलाची तपासणी करायला नवीन मुलं आली की ठरलेला प्रकार घडतो. एका कडेला सर्वांत तीव्र तेल, पुढे प्रत्येक खळग्यात निम्मं निम्मं करत नेतात, आणि शेवटी एक खळगा बिनतेलाचा, ज्यात कँडिडा वाढायलाच हवी. दुसऱ्या दिवशी प्लेट बाहेर काढली की बिनतेलाचा खळगाही स्वच्छ! मुलं खूश होतात, तेल भारी निघालं म्हणून. प्रत्यक्षात तीव्र खळग्यातली वाफ झाकणाखालून शेजारच्या खळग्यांत पसरलेली असते. बिनतेलाचा खळगा सरळ तिच्या वाटेत आलेला असतो.

उलटंही होतं. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून ट्वीन ८० किंवा डीएमएसओ घालतात. नीट मिसळलं नाही तर तेल वर तरंगतं आणि कँडिडा तळाशी आरामात वाढते. मग पेपरात येतं, "तेलाचा परिणाम आढळला नाही". एकाच तेलाचे दोन ठिकाणचे आकडे दहापटीने वेगळे येतात त्यात या दोन गोष्टींचा हात मोठा. औषधांच्या तपासणीला सीएलएसआय आणि युकास्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थांच्या ठरलेल्या पद्धती आहेत. त्या द्रावणात एकसारख्या मिसळणाऱ्या, न उडणाऱ्या औषधांसाठी बांधलेल्या. तेलं त्यांत कशीबशी कोंबली जातात.

आणखी एक खटकणारी गोष्ट. तेलांवरचे ढीगभर पेपर दाखवतात, की अल्बिकन्सचे तंतू फुटायचे थांबले. ते उपयोगाचं आहे, अल्बिकन्स तंतूंच्या जोरावरच ऊतींत घुसते. पण ऑरिस सहसा तंतू काढतच नाही. ती गुठळ्या करून राहते, कातडीवर आणि नळ्यांवर थर धरते. तंतू थांबवण्याचं यश ऑरिसच्या खात्यावर जमा करता येत नाही.

किंचित शंका

थराबद्दल थोडं सविस्तर लिहाल का? बायोफिल्म म्हणतात तेच ना?

सूक्ष्मदर्शी

तेच. कॅथेटरच्या आतल्या बाजूला कँडिडा चिकटली की ती स्वतःभोवती ग्लुकन, मॅनन (साखरेच्या लांब साखळ्या) आणि फुटलेल्या पेशींच्या डीएनएचा चिकट गिलावा करते. फ्लुकोनॅझोल त्या गिलाव्यातच अडकून पडतं. सुट्या पेशींना पुरणारा डोस थरातल्या पेशींना पुरत नाही, बऱ्याचदा शेकडो पटींनी कमी पडतो. म्हणून रक्तात कँडिडा निघाली की डॉक्टर शक्य तिथे आधी सेंट्रल लाइन काढतात. नळी आत ठेवून औषध वाढवत बसण्यात अर्थ नसतो.

युजेनॉल, थायमॉलसारखे छोटे रेणू या थरात औषधांपेक्षा बरे शिरतात असं प्लेटवर दिसतं. नळी आत घालण्याआधीच तिला तेलातल्या घटकाचा लेप द्यायचा, किंवा वापरात नसताना नळीत औषध भरून ठेवतात त्यात हा घटक घालायचा, या दिशेने काम चालू आहे. मला ही दिशा शहाणपणाची वाटते. मात्रा नळीपुरती, रुग्णाच्या रक्तात जाणारा अंश नगण्य. पण लेप किती दिवस टिकतो, नळी ठिसूळ होते का, नळीतलं द्रावण चुकून रक्तात ढकललं गेलं तर काय, हे प्रश्न आहेतच.

वैशाखवणवा

म्हणजे शेवटी तुम्हीही मान्य करताय की तेलात दम आहे. मग मोठे प्रयोग का होत नाहीत? पेटंट मिळत नाही म्हणूनच ना?

सूक्ष्मदर्शी

पैशाचा भाग आहेच, नाही म्हणत नाही. झाडाचं सबंध तेल घेऊन कुणी कोट्यवधी ओतणार नाही. पण निव्वळ तेवढंच असतं तर निसर्गातून आलेली औषधं बाजारात दिसलीच नसती. अँफोटेरिसिन मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून आलं. एकायनोकँडिनची मूळं बुरशांत. आणि २०२१ साली अमेरिकेत मंजुरी मिळालेलं इब्रेक्साफंजर्प घ्या. त्याचा मूळ रेणू ज्युनिपरच्या पानांत राहणाऱ्या एका बुरशीतून मिळाला. लोक ज्युनिपरचं तेल हुंगत राहिले, औषध निघालं पानात दडलेल्या बुरशीतून! त्या रेणूत फेरफार केले, पोटातून घेता येईल असा केला, मग तो औषध झाला. तेलांतल्या रेणूंचंही असंच व्हावं लागेल. एक रेणू निवडायचा, त्याचं वागणं मोजायचं, नीट बांधायचं. सबंध तेल म्हणजे पन्नास-शंभर घटकांचा मेळा. कुणी काय केलं ते कळत नाही, आणि कुणामुळे यकृत सुजलं तेही कळत नाही.

कातडीबद्दल मात्र एक काम तुम्हाला आवडेल. २०२१ साली छापून आलेला प्रयोग आहे, डुकराच्या कातडीवर. कापून आणलेली कातडी, तिच्यावर घामासारखं द्रावण लावून ऑरिस वाढवली. माणसाच्या कातडीला डुकराची कातडी बरीच जवळची म्हणून. नुसत्या क्लोरहेक्सिडिनने तिथे ऑरिस पूर्ण मरत नाही, वॉर्डात सिस्टर बघतात तसंच. त्याला आयसोप्रोपेनॉल या अल्कोहोलची जोड दिली, आणि टी ट्रीचं किंवा गवती चहाचं तेल घातलं, तर मारा वाढला. इथे तेल एकटं लढत नाहीये, नेहमीच्या औषधाला कातडीत शिरायला मदत करतंय. तेलाचं मला पटणारं काम हे असं आहे. अर्थात ती कातडी मेलेल्या जनावराची. तिला पुरळ उठत नाही, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा घामेजत नाही. रुग्णांवर रोज वापरून ऑरिसचं पसरणं कमी झालं का, हे डुकराच्या कातडीवरून सांगता येत नाही.

गंधसार

+१. गवती चहाच्या तेलातला सिट्रल कातडीला झोंबतो, हे मात्र कुणी विसरू नये. रोजच्या अंघोळीत, महिनाभर पडून असलेल्या माणसाच्या कातडीवर, जिथे आधीच पाठीवर जखम व्हायला टेकलेली असते, तिथे किती टक्के चालेल हा पहिला प्रश्न असायला हवा.

शेवंती

इतकी जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते. माझे सासरे तीन आठवड्यांपासून आयसीयूत आहेत. परवा रिपोर्टमध्ये कँडिडा ऑरिस आली. तेव्हापासून वेगळ्या खोलीत ठेवलंय, आणि आम्हाला गाऊन घालून आत सोडतात. पण औषध काही सुरू केलेलं नाही. विचारलं तर म्हणतात गरज नाही. इतकी धोकादायक बुरशी आणि औषध नाही? घरात टी ट्रीचं तेल आहे. भेटायला जाते तेव्हा काखेत थोडं लावलं तर चालेल का? निदान काहीतरी केल्यासारखं होईल.

रात्रपाळी

शेवंतीताई, तेल लावू नका. खरंच नको. निखळ टी ट्रीने कातडी सोलवटू शकते, आणि सोलवटलेली कातडी म्हणजे ऑरिसला दार उघडं. शिवाय वॉर्डात कोण काय लावतंय हे माहीत नसलं तर पुरळ कशाचं आलं ते डॉक्टरांना कळणार नाही.

आता रिपोर्ट हातात घ्या आणि वर "नमुना" किंवा "स्पेसिमेन" असं लिहिलेलं असतं तिथे काय आहे ते बघा. काखेचा किंवा जांघेचा स्वॅब आहे की रक्त?

शेवंती

काख आणि जांघ असं लिहिलंय. ब्लड कल्चर वेगळं आहे, त्यात "वाढ नाही" असं आहे.

रात्रपाळी

मग ती अंगावर आहे, आत गेल्याचं दिसत नाही. अशा वेळी औषध देत नाहीत ते बरोबरच आहे. शिरेतून दिलेल्या औषधाने कातडीवरची ऑरिस जात नाही, आणि उगाच दिलं तर खरी गरज पडेल तेव्हा ते चालेनासं होण्याची भीती. वेगळी खोली आणि गाऊन हे इतर रुग्णांसाठी आहे, तुम्ही घाबरून जावं म्हणून नाही.

तुम्हाला करता येण्यासारखं आहे, आणि ते तेलापेक्षा जास्त कामाचं आहे. आत जाताना आणि बाहेर येताना हॅंडरब, हातमोजे काढल्यावरसुद्धा. त्यांचा चष्मा, फोन, जपमाळ असं काही घरी-दवाखान्यात ने-आण करू नका. रोज एकदा विचारा, "सेंट्रल लाइन अजून लागतेय का? लघवीची नळी काढता येईल का?" हा प्रश्न नातेवाइकांनी विचारलेला आम्हाला आवडतो, कारण नळी जितकी लवकर निघेल तितका ऑरिसला आत शिरायचा रस्ता कमी. ताप आला किंवा एकदम ग्लानी आली तर पुन्हा ब्लड कल्चर पाठवलं का तेही विचारा.

सूक्ष्मदर्शी

सिस्टरांनी सगळं लिहिलंच आहे. एक जोडतो. रक्तात वाढ नाही हा रिपोर्ट त्या दिवसापुरता धरा. मी वर लिहिलं तसं ब्लड कल्चर बऱ्याचदा चुकवतं, म्हणून तब्येत बिघडली तर जुन्या निगेटिव्ह रिपोर्टवर कुणी विसंबू नये. आणि कधी औषध लागलंच, तर एकायनोकँडिन गटातलं औषध ऑरिसच्या बहुतेक नमुन्यांवर चालतं. दारं बंद झालेली नाहीत.

शेवंती

धन्यवाद. तेल पिशवीतून काढून ठेवलं. घरी आणल्यावर त्यांच्या अंगावरून ती जाईल ना?

रात्रपाळी

कधी जाईल ते सांगता येत नाही, काही जणांच्या अंगावर महिनोन्‌महिने राहते. घरातल्या धडधाकट माणसांना तिच्यापासून फारसा धोका नसतो, हात धुणं पुरतं. घरात कुणाची केमो चालू असेल किंवा नळी लावलेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि डिस्चार्जच्या कागदावर "कँडिडा ऑरिस, अंगावर" हे लिहून घ्या. पुढे कधीही दुसऱ्या रुग्णालयात न्यायची वेळ आली, तर दाखल करतानाच पहिल्यांदा तो कागद पुढे करा, म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून वेगळी खोली देतील.